शिशुसंगोपन सेवा, जव्हार–मोखाडा भागातील

शिशुसंगोपन सेवा : जन्मापासून सहा वर्षे वयापर्यंतच्या मुलांचे पोषण, आरोग्य, दिवसभरातील सांभाळ व शालापूर्व शिक्षण यांसाठी शासनाने व स्वयंसेवी संस्थांनी केलेली व्यवस्था. या चार अंगांपैकी पहिल्या दोहोंना व चौथ्याला भारतात शासकीय धोरणाचा दीर्घकाळ आधार मिळाला. सांभाळ हे अंग मात्र बव्हंशी कुटुंबाकडे, म्हणजे व्यवहारात आईकडे व तिच्या मोठ्या मुलांकडे राहिले. या विभागणीचे परिणाम पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या दोन आदिवासी तालुक्यांत विशेष स्पष्टपणे दिसतात.

भूमी व लोक : जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले आहेत. जव्हार हे महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनाने पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सु. १,४०,००० व मोखाड्याची सु. ८३,००० होती. तीत दर दहा माणसांमागे नऊ अनुसूचित जमातींची आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या येथील प्रमुख जमाती. त्यांपैकी कातकरी ही शासनाने ‘आदिम जमात’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदलेली, बहुधा भूमिहीन असलेली जमात होय.

वस्ती विखुरलेली असून एका महसुली गावात दूरदूरचे अनेक पाडे मोडतात. नागली, वरई व भात ही पिके पावसाच्या पाण्यावर एकदाच येतात. उतारावरच्या हलक्या जमिनीतून निघालेले धान्य वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, रेती-खडीची कामे व बांधकामे यांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई, कल्याण व मुंबई या दिशांना बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडल्यावाचून त्यांना सहसा परतता येत नाही. काही कुटुंबे शिमग्याला घरी येऊन पुन्हा जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर सर्व शेतीसाठी परततात. मुंबईस पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. तथापि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवरील स्त्रियांना पाण्यासाठी दूर जावे लागते.

शिशूच्या सांभाळाचा प्रश्न : सहा महिन्यांपर्यंत बालकास आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही; परंतु ते वारंवार लागते. सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीस मऊ, घट्टसर वरचे अन्न द्यावे लागते. बालकाचे जठर लहान असल्याने एका वेळी त्याला थोडेच खाता येते, म्हणून दिवसातून चार ते सहा वेळा कोणीतरी जवळ बसून भरवणे आवश्यक असते. कुपोषणाचा आरंभ बहुधा सहा महिने ते दोन वर्षे या वयात होतो, त्याचे एक मोठे कारण येथे आहे. घरात धान्य असूनही भरवणारी व्यक्ती दिवसभर घराबाहेर असेल, तर बालकाचे पोट सकाळ-संध्याकाळच्या दोन जेवणांवर भागत नाही.

या भागात आवणीच्या दिवसांत स्त्री पहाटेच शेतावर जाते. इतर वेळी सरपण, पाणी, रानभाज्या व मजुरी यांत तिचा दिवस जातो. तान्हे मूल पाठीशी बांधून किंवा झाडाला टांगलेल्या झोळीत ठेवून कामावर नेले जाते. रांगते मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर घरी राहते. परिणामी दोन मुलांचे नुकसान होते. धाकट्याची उपासमार होते आणि थोरलीची शाळा सुटते. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत कणग्या रिकाम्या होतात, हिवताप व अतिसार बळावतात, ओढ्यांना पूर आल्याने पाड्यांचा संपर्क तुटतो आणि आईचे काम सर्वांत अधिक असते. अन्नाचा, आरोग्याचा व सांभाळाचा तुटवडा असा एकाच वेळी येतो.

विचाराची पार्श्वभूमी : श्रमजीवी मातांच्या मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर ही कल्पना यूरोपातील औद्योगिकीकरणातून निघाली. फिर्मां मार्बो याने पॅरिसमध्ये १८४४ साली उघडलेले पाळणाघर या प्रकारच्या आरंभीच्या संस्थांत गणले जाते. बालशिक्षणाची धारा त्याहून वेगळी होती. मारिया माँटेसरी हिने १९०७ मध्ये रोम येथे कामगारवस्तीत काढलेल्या बालगृहाने तिला नवे वळण दिले. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२–३१ ऑगस्ट १९७३) यांनी ही दृष्टी पश्चिम भारतात रुजविली आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

माँटेसरी पद्धतीची बालमंदिरे खर्चिक साधनांमुळे शहरी सुखवस्तू वर्गापुरती राहतात, हे जाणून ताराबाईंनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना अनुताई वाघ (१७ मार्च १९१०–२७ सप्टेंबर १९९२) यांची साथ लाभली. हे गाव आजच्या पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात मोडते. गावातील मध्यवर्ती बालवाडीत दलित व आदिवासी मुले येत नाहीत, असे आढळल्यावर शिक्षिका त्यांच्या वस्तीत जाऊन घराच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून आला. १९५७ मध्ये केंद्र त्याच तालुक्यातील कोसबाड येथील टेकडीवर, वारली वस्तीत हलविण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी ‘कुरणशाळा’ आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ ही कोसबाडची दोन वैशिष्ट्ये होत. धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम असलेली मुलगी शाळेत यावयाची असेल, तर त्या भावंडाची सोय शाळेलगत झाली पाहिजे, हे विकासवाडीमागील साधे सूत्र होते. सेवा मुलाच्या जागी नेणे आणि सांभाळ हा शिक्षणाचाच भाग मानणे, अशी दोन तत्त्वे या कामातून पुढे आली.

शासकीय धोरणाचा विकास : भारत सरकारने १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण जाहीर केले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण आणि मातांना पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा तीत एकत्र केल्या गेल्या. गावपातळीवरील केंद्रास ‘अंगणवाडी’ हे नाव देण्यात आले. केंद्राची जबाबदारी सेविका व मदतनीस यांच्यावर, त्यांच्या देखरेखीचे काम पर्यवेक्षिकेकडे व प्रकल्पाचे नियंत्रण बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे असते.

दिवसभराचा सांभाळ हा या सहा सेवांत नव्हता. त्यासाठी श्रमिक व आजारी मातांच्या मुलांकरिता पाळणाघरांची स्वतंत्र योजना केंद्र शासनाने चालविली. २००६ मध्ये तिचे राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत व २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजनेत रूपांतर झाले. महिन्यातून २६ दिवस व दिवसातून साडेसात तास चालणारे, २५ मुलांचे केंद्र असा तिचा नमुना होता. तथापि देशातील अंगणवाड्यांची संख्या १० लाखांहून अधिक झाली, तेव्हाही पाळणाघरांची संख्या काही हजारांपुरतीच राहिली. कामगार कायद्यांतून आलेली पाळणाघरेही मर्यादित ठरली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्री-कामगारांच्या ठराविक संख्येवर पाळणाघर बंधनकारक केले आणि १९९६ च्या अधिनियमाने हे तत्त्व बांधकामांना लावले. परंतु शेतमजूर स्त्री व मुकादमामार्फत वीटभट्टीवर आलेले जोडपे यांच्यापर्यंत ही तरतूद क्वचितच पोहोचली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास एका मजूर स्त्रीला पूर्ण मजुरी देऊन त्यांच्या सांभाळास नेमावे, अशी तरतूद करण्यात आली होती. पाड्याजवळच्या कामासाठी ती मौलिक होती. मात्र स्थलांतरितांना तिचा उपयोग नव्हता.

न्यायालयीन हस्तक्षेपाने योजनेचे स्वरूप बदलले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी, असा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असूनही अंगणवाडी नसलेल्या वस्तीस ती मागणीनुसार मिळण्याचा हक्क मान्य झाला. आदिवासी व डोंगराळ भागासाठी निकष शिथिल करून ३०० ते ८०० लोकवस्तीस एक अंगणवाडी व १५० ते ३०० लोकवस्तीस मिनी अंगणवाडी असे प्रमाण ठरविण्यात आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा व गरोदर आणि स्तनदा मातांचा पूरक आहार हा कायदेशीर हक्क झाला.

जव्हार–मोखाड्यातील अनुभव : १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषण व त्याला जोडून आलेले आजार यांमुळे दगावली. या घटनेने राज्यभर खळबळ उडाली. रोजगार, धान्यपुरवठा, आरोग्य, पाणी व पोषण या बाबी वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेल्या असल्याने पावसाळ्यापूर्वी त्यांचा मेळ बसत नाही, हे उघड झाले. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना सुरू केली. पावसाळ्यापूर्वी दुर्गम भागात धान्य पोहोचविणे, रोजगार हमीची कामे, खावटी कर्ज, पाड्यांना भेटी देणारी वैद्यकीय भरारी पथके आणि गरोदर आदिवासी स्त्रीस रोख व औषधे मिळून ८०० रुपयांचे मातृत्व अनुदान, असे तिचे स्वरूप होते. योजनेचे मुख्य योगदान समन्वयाचे होते.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने २००४ च्या सुमारास असे दाखवून दिले की, शासकीय नोंदींतील बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक असतात. २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान स्थापन झाले आणि भर पहिल्या १,००० दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर सरकला. तीव्र कुपोषित बालकांसाठी उपचारांची उतरंड उभी राहिली : अंगणवाडीत ग्राम बालविकास केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाल उपचार केंद्र आणि रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र. ज्या बालकाच्या दंडाचा घेर ११·५ सेंमी. हून कमी भरतो किंवा ज्याचे वजन उंचीच्या मानाने अत्यल्प असते, ते तीव्र कुपोषित मानले जाते. जव्हार येथील पतंगशहा कुटीर रुग्णालय हे या परिसरातील प्रमुख शासकीय रुग्णालय आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात बालकासोबत आईला सुमारे दोन आठवडे राहावे लागते. घरी दुसरी मुले व शेतीचे काम असता हे तिला कठीण जाते, म्हणून बुडीत मजुरीची भरपाई देण्यात येते. तरीही उपचार अर्धवट सोडून घरी परतण्याचे प्रसंग घडतात. रुग्णालयातील उपचारांचे यशही अशा रीतीने घरी राहिलेल्या मुलांच्या सांभाळावर अवलंबून असते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये राज्याने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना जाहीर केली. अनुसूचित क्षेत्रातील स्त्रीस गरोदरपणाच्या अखेरच्या काळात व बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत दिवसातून एक वेळ भाकरी किंवा पोळी, भात, कडधान्य, भाजी व अंडे वा केळे यांसह पूर्ण गरम जेवण देण्याची ही योजना होय. २०१६ मध्ये तिचा विस्तार होऊन सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंडी किंवा केळी देण्यात येऊ लागली. त्याच वर्षी मोखाडा व जव्हार तालुक्यांत पुन्हा कुपोषणाने बालमृत्यू झाल्याचे उघडकीस आले. योजना आखलेली असणे आणि ती पावसाळ्याच्या दिवसांत पाड्यावर पोहोचणे, यांतील अंतर त्यावरून स्पष्ट झाले.

रचनेतील मर्यादा : या सर्व उपक्रमांनी महत्त्वाचे काम केले असले, तरी अंगणवाडीच्या मूळ रचनेत तीन गृहीतके आहेत. पहिले स्थळाचे. कुटुंब नोंदल्या गावी राहते, असे धरून लाभार्थींची यादी केली जाते. या भागातील अनेक मुले मात्र वर्षाचे चार ते सहा महिने वीटभट्टीवर असतात. तेथील अंगणवाडीत त्यांचे नाव नसते आणि भट्टी बहुधा गावाबाहेर असते. दुसरे वेळेचे. अंगणवाडी काही तासच भरते. मजूर स्त्री तिच्या आधी निघते व नंतर परतते. तिसरे वयाचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात ताजा आहार व शिक्षण मिळते, तर तीन वर्षांखालील मुलांसाठी आहाराची पाकिटे घरी दिली जातात. म्हणजे ज्या वयात भरवणाऱ्या हाताची सर्वाधिक गरज असते, त्या वयासाठी केवळ शिधा देऊन व्यवस्था थांबते. कुटुंब गरीब असल्यास पाकीट सर्व भावंडांत वाटले जाते, हेही स्वाभाविक आहे.

व्यवस्थेचा भार जिच्यावर आहे ती सेविका ‘मानसेवी’ मानली जाते व तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. वजने, नोंदवह्या, भ्रमणध्वनीवरील माहिती, आहार, गृहभेटी व शिक्षण ही सर्व कामे तिने करावयाची असतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी दीर्घ संप केला. तान्ह्या मुलांचा दिवसभराचा सांभाळ हे अधिक काम त्याच दोघींवर टाकून होण्यासारखे नाही. त्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळ लागते.

मातेला सवेतन विश्रांती देणे हा सांभाळाचा दुसरा मार्ग होय. संघटित क्षेत्रातील स्त्रीस २०१७ च्या सुधारणेने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली. शेतमजूर स्त्रीस मात्र त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. ही रक्कम उपयुक्त असली, तरी सहा महिने कामावर न जाण्याइतकी नाही. निव्वळ स्तनपानाचा सल्ला दोघींना सारखाच दिला जातो. तो पाळण्याची सवड दोघींना सारखी नाही.

पर्याय व अलीकडील वाटचाल : स्थलांतरित मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची झोपडी. या शाळा मोठ्या मुलांसाठी असल्या, तरी काम जेथे आहे तेथे सेवा नेता येते, हे त्यांनी सिद्ध केले. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू झाली आणि पुढे मुंबईतही काम करू लागली. बांधकाम संपले की केंद्र दुसऱ्या बांधकामावर न्यावयाचे, ही तिची पद्धत होती. छत्तीसगडमध्ये जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने आदिवासी गावांत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे काढली. वस्तीतीलच स्त्रिया तेथे मुलांना दिवसातून अनेक वेळा भरवतात आणि माता निर्धास्तपणे कामावर जातात. राज्य शासनानेही पुढे त्याच नावाची योजना हाती घेतली.

शासकीय पातळीवर २०२२ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना ‘पाळणा’ या नावाने मिशन शक्तीत अंतर्भूत करण्यात आली. आईच्या रोजगाराची अट न ठेवता सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालविण्याची कल्पना तीत स्वीकारली गेली. महाराष्ट्राच्या महिला व बाल विकास विभागाने स्थलांतरित माता व बालके यांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली २०२१-२२ च्या सुमारास प्रायोगिक स्वरूपात सुरू केली व आरंभीच्या जिल्ह्यांत पालघरचा समावेश होता. मूल गाव सोडून गेले, तरी त्याचा आहार व लसीकरण यांचा हक्क त्याच्याबरोबर जावा, हा तिचा उद्देश. या दोन उपायांपैकी पहिला वेळेच्या व वयाच्या, तर दुसरा स्थळाच्या अडचणीला उत्तर देतो. त्यांचे फलित मात्र आवणीच्या दिवसांत पाड्यावर व हिवाळ्यात भट्टीवर प्रत्यक्ष माणूस उपलब्ध होण्यावर अवलंबून राहील.

समारोप : बोर्डीच्या शिक्षिका मुले येत नाहीत म्हणून त्यांच्या अंगणात गेल्या आणि कोसबाडला पाळणाघर शाळेलगत आले. याच जिल्ह्यातून निघालेला अंगणवाडी हा शब्द देशभर पसरला. मात्र त्यामागील चालण्याची व सांभाळाची कल्पना धोरणात उशिरा व अंशतः उतरली. जव्हार–मोखाड्यातील गेल्या तीन दशकांचा अनुभव असा की, धान्य, औषध व पाळणा यांपैकी एक जरी कमी पडला, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग बालकाला पुरेसा होत नाही.